आई गावी, मी पुण्यात. तिचा मधुमेह फक्त व्हिडिओ कॉलवर सांभाळता येईल का?

बराचसा येतो, पूर्ण नाही. तुमच्यासारखीच आमची स्थिती आहे. आई परभणी जिल्ह्यात गावी, वय ७१, दोन वेळा इन्सुलिन. मी पुण्यात. चार वर्षं तिचे डॉक्टर तिला जास्त करून फोनवरच बघतात. तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या फेऱ्या अजिबात बंद करता येतील का. तेवढं करू नका. का ते सांगते.

दुसऱ्या वर्षी आईची साखर कशीही वागायला लागली. उपाशीपोटी एक दिवस ११०, दुसऱ्या दिवशी २६०. आम्ही आकडे पाठवायचो, डॉक्टर डोस दोन-दोन युनिटांनी वाढवायचे. मला वाटलं ती चोरून गोड खातेय, आणि मी तिला तसं बोललेही. ते अजून मनाला लागून आहे. दिवाळीत घरी गेले तेव्हा ती माझ्यासमोर इन्सुलिन घेत होती. बेंबीच्या उजवीकडे, रोज त्याच जागी. "इथं दुखत नाही गं," म्हणाली. हात लावला तर कातडीखाली लिंबाएवढी मऊ गाठ. एकाच जागी टोचत राहिलं की तिथली चरबी अशी वाढते, सुई कमी दुखते, पण इन्सुलिन कधी नीट शोषलं जातं, कधी नाही. चार वाक्यांच्या कॉलमध्ये हे कुणाला दिसणार? कॅमेऱ्यात फक्त तिचा चेहरा असायचा.

पुढची चूक माझी. डॉक्टरांना न विचारता जागा बदलायला लावली आणि वाढवलेला डोस तोच ठेवला. नव्या जागेतून इन्सुलिन पुरतं शोषलं गेलं. रात्री अडीचला आई घामाने डबडबलेली, हात थरथरतायत, साखर ५४. (७० च्या खाली गेली की लो समजायची.) तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, ९१ आल्यावर थोडी दूध-भाकरी दिली. पेशंट शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन करायचा. गाठीची जागा सोडताना डोस कमी करावा लागतो, हे सकाळी डॉक्टरांनी सांगितलं.

तेव्हापासून गावात राहणारी माझी भाची दर रविवारी आजीच्या पोटावरून हात फिरवते आणि तळपाय बघते. तुमच्या आईजवळ असं एक माणूस ठरवा. ॲप कुठलं वापरता यापेक्षा हे फार महत्त्वाचं.

वहीत नुसता आकडा लिहू नका. १८० हा जेवणानंतर दोन तासांचा असेल तर एक अर्थ, उपाशीपोटी असेल तर वेगळा. म्हणून वेळ, काय खाल्लं, किती युनिट घेतलं, हे एका ओळीत. चतुर्थी-एकादशीचा उपास असेल तर आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना सांगायचं, कारण डोस तोच राहून जेवण सुटलं तर साखर पडते आणि साबुदाण्याने चढते. मोजण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करायचे. एकदा चिकू सोलून तसंच बोट टोचलं आणि मीटरने २४० दाखवलं. हात धुवून परत घेतलं तर १५२. मीटरच्या पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करायची. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात वापरातला इन्सुलिनचा पेनही घरात उघड्यावर ठेवण्यासारखा नसतो. लाइट गेली की आम्ही तो डब्यात बंद करून गार माठात ठेवतो.

डॉक्टर शक्यतो एकच ठेवा. २५ मार्च २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांपासून नोंदणीकृत डॉक्टरांना फोनवर बघून औषधं लिहून देता येतात. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा. पैशाची अडचण असेल तर सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरसेवा मोफत आहे, गावातल्या आरोग्य उपकेंद्रातूनही जोडून देतात. पण तिथे दर वेळी तेच डॉक्टर मिळतील असं नाही, म्हणून वही हाताशी हवीच.

फेऱ्यांचं म्हणाल तर, एचबीए१सीसाठी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आम्ही दर तीन महिन्यांनी रक्त देतो. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पायांच्या संवेदनेची तपासणी. यातलं पडदा आणि पाय हे तर समोर बसूनच होतं. एचबीए१सी किती हवं, हे आईच्या वयाप्रमाणे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सगळ्यांना ७ च्या खाली आणायचा हट्ट नसतो. साखर लो होऊन म्हातारं माणूस चक्कर येऊन पडलं, तर ते जास्त महागात पडतं.

आणि काही गोष्टींसाठी कॉलची वाट बघायचीच नाही. उलट्या, जोरजोरात श्वास, गुंगी, ३०० च्या वर जाऊन उतरत नसलेली साखर. पायाला जखम झाली तर तीही त्याच दिवशी दाखवायची, दुखत नसली तरी.

पुढच्या कॉलला आईला एवढंच सांगा, की सुई कुठे घेते ते डॉक्टरांना कॅमेऱ्यासमोर दाखव.