'इफ टुमॉरो नेव्हर कम्स' हे गाणं मूळचं आयरिश गायक रोनन कीटिंगचं आहे का?

नाही, ते अमेरिकन कंट्री गायक गार्थ ब्रूक्सचं. गीतकार केंट ब्लेझीसोबत त्यानेच ते लिहिलं आणि १९८९ मध्ये आपल्या पहिल्या अल्बममध्ये गायलं. अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्याचं हे पहिलंच गाणं. गाण्यातला नायक रात्री शेजारी शांत झोपलेल्या प्रेयसीकडे पाहत विचार करतो: उद्या मी उठलोच नाही, तर माझं किती प्रेम होतं हे हिला कळलेलं असेल का? दुसऱ्या कडव्यात, न सांगताच गमावलेल्या माणसांची खंत येते. मला तोच भाग सर्वांत जास्त भिडतो. कीटिंगने हेच गाणं २००२ मध्ये गायलं. तेही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, त्यामुळे अनेकांनी आधी तेच ऐकलेलं असतं.