‘काळी दोन’ म्हणजे ई फ्लॅट मेजर का?

प्रश्न असा आहे : एका श्रवणमंडळाच्या पत्रकात जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या ‘चार अखेरची गीते’ या संचातल्या ‘इम आबेंडरोट’ (‘संध्याप्रकाशात’) या गीताच्या ध्वनिमुद्रणाची ओळख द्यायची आहे. गायिका जेसी नॉर्मन, साथीला लाइपझिगचा गेवांटहाउस वाद्यवृंद, संचालक कुर्ट माझुर, साल १९८२. टेम्पो, ‘की’ (key, म्हणजे रचना ज्या आधारस्वरावर आणि स्वरसमूहावर बेतलेली असते ती) आणि मूड या तीन रकान्यांना मराठीत काय म्हणावे? विचारणाऱ्यांचा मसुदा : ‘गती – संथ; कळ – ई-सपाट प्रमुख; मनःस्थिती – उदास.’

‘ई-सपाट प्रमुख’ आधी खोडा. कुठल्यातरी खात्याचे साहेब वाटतात.

टेम्पोला सरळ ‘लय’ म्हणावे. ‘गती’ चूक नाही, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या तोंडी लयच असते : लय वाढली, लय धरून ठेव, लय पडली. ‘चाल’ मात्र नको, कारण मराठीत गाण्याची चाल म्हणजे त्याची सुरावट. आणि ‘लय संथ’ असे लिहिलेत तर कोल्हापूरकडचा वाचक ते ‘फार संथ’ असे वाचेल. या ध्वनिमुद्रणापुरते तेही खरेच आहे म्हणा! स्ट्राउसने लिहून ठेवले आहे ‘आंदान्ते’, म्हणजे चालण्याच्या ओघातली लय. तेवढ्याच सूचनेवर गायिका लिझा देला कासा आणि संचालक कार्ल ब्योम यांनी १९५३ साली हे गीत साधारण सहा मिनिटांत संपवले, तर नॉर्मन-माझुर जवळपास दहा मिनिटे घेतात. म्हणून पत्रकात ‘आंदान्ते’ एवढेच छापले तर ते स्वरलेखनाचे वर्णन होईल, ध्वनिमुद्रणाचे नाही. ‘विलंबित’ही टाळा. विलंबित एकतालाचे एक आवर्तन मिनिटभर चालू शकते, हे ज्याने ऐकले आहे त्याची अपेक्षा भलतीच होईल.

खरी गंमत ‘की’मध्ये आहे. ‘पट्टी’ हा शब्द लगेच सुचतो आणि तो आपला, रोजच्या वापरातला आहे. तबला घ्यायला गेलात तर दुकानदार आधी पट्टी विचारतो. संगीताशी संबंध नसलेली माणसेही भांडताना वरच्या पट्टीत बोलतात. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून आपण ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ म्हणतो, त्या हिशेबाने ई फ्लॅट म्हणजे काळी दोन. इथवर जमले. पण पट्टी फक्त षड्ज (सा) कुठे आहे ते सांगते, आणि ती गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरते. तोच यमन एक जण काळी एकमध्ये गाईल, दुसरी काळी पाचमध्ये, आणि यमन काही बिघडत नाही. स्ट्राउसच्या वाद्यवृंदात ही सोय नाही. प्रत्येक वाद्याची ओळ त्या स्वरावर बेतून लिहिलेली असते, तेव्हा गायिकेलाच तिथवर पोचावे लागते.

शिवाय ‘मेजर’ उरतेच. ढोबळमानाने मेजरमध्ये गंधार (ग) शुद्ध, मायनरमध्ये कोमल. म्हणून कुणी मेजरला ‘बिलावल’ (सगळ्या शुद्ध स्वरांचा थाट) म्हणतात. स्वर जुळतात हे कबूल, पण या संगीतात खुद्द षड्जच जागा सोडतो. याच संचातले ‘फ्र्यूलिंग’ हे गीत पाहा : सुरुवात सी मायनरमध्ये, शेवट ए मेजरमध्ये. आपल्या भाषेत सांगायचे तर पांढरी एकवर कोमल गंधार घेऊन निघायचे आणि पांढरी सहावर शुद्ध गंधाराने पोचायचे. तंबोऱ्याने करायचे काय? तेव्हा माझे मत, रकान्याला नुसते ‘स्वर’ म्हणा आणि ‘ई फ्लॅट मेजर’ देवनागरीत तसेच ठेवा. मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक पिढ्यान्‌पिढ्या ‘मेजर’, ‘मायनर’, ‘स्केल’ म्हणत आले आहेत, मराठीला ते परके राहिलेले नाहीत. हवे तर शेजारी ‘आधारस्वर काळी दोन’ द्या. पेटी वाजवणारा वाचक तेवढ्यावर सूर धरून बघेल.

मूडसाठी ‘भाव’ पुरेसा आहे. मनःस्थिती माणसाची असते, ती तबकडीला कशी असेल? ‘रस’ म्हटले की नवरसांतला एक निवडणे आले. ‘शांत’ जवळचा आहे, पण इतक्या मोठ्या शब्दाचे ओझे रकान्याला पेलणार नाही. ‘उदास’ला मात्र माझा सक्त विरोध आहे. स्ट्राउसने हे गीत मे १९४८ मध्ये पुरे केले तेव्हा तो चौऱ्याऐंशीच्या उंबरठ्यावर होता, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये तो गेला. हे गीत ज्या कवितेवर बेतले आहे त्या आयशेनडॉर्फच्या कवितेत एक जोडपे आयुष्यभराची वाट चालून दमले आहे, समोर सूर्यास्त आहे, चंडोलांची जोडी वर चढते आहे. शेवटची ओळ विचारते, हाच का मृत्यू? तिथे स्ट्राउसने साठेक वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच ‘मृत्यू आणि रूपांतर’ या रचनेतली सुरावट हळूच आणली आहे, आणि अखेरीला बासऱ्यांवर चंडोलांचे कंपस्वर ऐकू येतात. यात रडगाणे कुठेच नाही. जाणारा माणूस सगळे आवरून, सांगायचे ते सांगून बसला आहे. याला मराठीत नेमका शब्द आहे : निरवानिरव.

तर पत्रकात असे छापा : ‘लय – अतिशय संथ (मूळ सूचना आंदान्ते), स्वर – ई फ्लॅट मेजर, आधारस्वर काळी दोन, भाव – शांत, निरवानिरवीचा.’