वाचकांचे प्रश्न : विद्यार्थी प्रतिनिधी होताना

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. आमच्या वर्गाचा सी.आर., म्हणजे वर्ग प्रतिनिधी कोण, हे आम्हाला यंदा सूचना फलकावरच्या यादीतून कळले. पहिल्या वर्षी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव त्यात होते. तो मुलगा चांगला आहे, पण त्याला स्वतःलाच हे काम नको आहे. मला ते मनापासून करायचे आहे. माझे गुण मात्र बेताचे आहेत. आपला प्रतिनिधी निवडून देण्याचा अधिकार आम्हाला आहे की नाही?

उत्तर : कायद्यात तो अधिकार आहे, तुमच्या सूचना फलकापर्यंत मात्र तो पोहोचलेला दिसत नाही. असे का झाले हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत एके काळी थेट निवडणुका होत असत, आणि जी.एस.ची, म्हणजे महाविद्यालयाच्या विद्यार्थी सचिवाची निवडणूक म्हणजे गावातल्या निवडणुकीची धाकटी आवृत्तीच असे. पैसा आला, बाहेरची माणसे आली, हाणामाऱ्या होऊ लागल्या, आणि १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट मतदान बाजूला सारले आणि आदल्या वर्षीच्या परीक्षेतील गुणवत्ता पाहून प्राचार्यांनी प्रत्येक वर्गातून एक प्रतिनिधी नेमावा, अशी पद्धत आणली. हे वर्ग प्रतिनिधी आपल्यातून सचिव निवडत, आणि महाविद्यालयांचे सचिव मिळून विद्यापीठ पातळीवरचे प्रतिनिधी ठरवत. या पद्धतीने मारामाऱ्या थांबल्या, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्याचबरोबर प्रतिनिधीपद हे काम न राहता बक्षीस झाले, आणि बक्षीस मिळालेल्या मुलाला आपण वर्गाला उत्तर देणे लागतो, असे वाटण्याचे काही कारण उरले नाही. तुमच्या वर्गातील त्या मुलाची अडचण नेमकी हीच आहे. त्याने अभ्यास केला आणि ज्याची त्याने इच्छा केली नव्हती ते त्याच्या पदरात पडले.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ९९ ने हे चित्र कागदावर तरी बदलले. या कलमानुसार महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतील एक प्रतिनिधी यांना पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मतदानाने निवडायचे आहे. यांतील शेवटची जागा कोणत्या प्रवर्गाला जाईल, हे चिठ्ठ्या टाकून आळीपाळीने ठरते. वर्ग प्रतिनिधीची निवड त्या त्या वर्गातील विद्यार्थ्यांनी थेट करायची आहे. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा आणि सांस्कृतिक विभाग यांचे प्रतिनिधी तेवढे प्राचार्य नेमतात. २०१९ मध्ये या निवडणुकांचा कार्यक्रम लागलाही होता. परंतु विधानसभेच्या निवडणुकीमुळे तो पुढे ढकलला गेला, पाठोपाठ करोनाची साथ आली आणि पुढे ढकललेली गोष्ट पुढेच राहिली. तुमच्या महाविद्यालयाने लावलेली यादी ही जुन्या कायद्याच्या सवयीतून आलेली आहे.

आता तुम्ही काय करावे, याबद्दल. न्यायालयात जाण्याचा सल्ला मी देणार नाही. तुमची पदवी निकालाच्या आधी पूर्ण होईल. त्या विद्यार्थ्याशी आधी मोकळेपणाने बोला. त्याला खरोखर काम नको असेल, तर त्याने तसे प्राचार्यांना स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे आणि त्याच अर्जात, वर्गाची बैठक घेऊन नवे नाव ठरवावे, अशी विनंती करावी. सोबत वर्गातील विद्यार्थ्यांचे स्वतंत्र निवेदन द्यावे, आणि त्यात कलम ९९ चा उल्लेख करावा, पण धमकीच्या सुरात नव्हे. प्राचार्यांना उमेदवार नको असतात असे नाही. त्यांना गोंधळ नको असतो, आणि एका शिक्षकाच्या उपस्थितीत, तासाभरात, चिठ्ठीने मतदान होऊ शकते हे दाखवून दिले तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. निवेदनावर तुमचे नाव उमेदवार म्हणून मुळीच घालू नका. आधी पद्धत मान्य होऊ द्या, नाव नंतर पुढे येईल. आणि मतदानात दुसरे कोणी निवडून आले, तर ते तुम्हाला मानावे लागेल, याची तयारी आधीच ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापूरहून दिल्ली विद्यापीठात शिकायला गेला आहे. त्याला तेथील विद्यार्थी संघाची निवडणूक लढवायची आहे. खर्च, अभ्यास आणि राजकारण या तिन्ही गोष्टींची आम्हाला काळजी वाटते. त्याला परवानगी द्यावी का?

उत्तर : मुलगा सज्ञान आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्न तसा उरत नाही, पण घरच्यांशी बोलून तो पुढे जातो आहे, ही चांगली गोष्ट आहे.

नियमांपुरते सांगायचे तर माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ च्या आदेशाने लागू केल्या, आणि देशभरातील विद्यार्थी निवडणुका त्यांच्या चौकटीत व्हाव्यात, अशी अपेक्षा आहे. पदवीच्या विद्यार्थ्याचे वय १७ ते २२ असावे, हजेरी किमान ७५ टक्के असावी, निवडणुकीच्या वर्षी कोणताही विषय राहिलेला नसावा, गुन्हेगारी पार्श्वभूमी नसावी, छापील भित्तिपत्रके लावू नयेत आणि एका उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या वर जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. पदाधिकाऱ्याच्या जागेसाठी एका विद्यार्थ्याला एकदाच संधी मिळते. अभ्यासाबाबतची तुमची काळजी यांतल्या दोन अटींनी थोडी हलकी व्हावी, कारण वर्ग बुडवणारा आणि नापास होणारा मुलगा मुळात उमेदवारच होऊ शकत नाही.

खर्चाचे मात्र तसे नाही. दिल्लीत भिंतींवर दिसणारे फलक ५,००० रुपयांत बसत नाहीत, हे कोणालाही दिसते. २०२४ मध्ये तर भिंती आणि सार्वजनिक मालमत्ता इतकी रंगवली गेली, की दिल्ली उच्च न्यायालयाने ती स्वच्छ होईपर्यंत मतमोजणीच रोखून धरली; सप्टेंबरअखेर झालेल्या मतदानाचा निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. तेव्हा मुलाला एकच प्रश्न विचारा : तुझ्या प्रचाराचे पैसे कोण देणार आहे? उत्तर संघटनेचे नाव असेल, तर निवडून आल्यावर तो कोणाचा प्रतिनिधी असेल, हेही त्याने तेव्हाच ठरवून टाकलेले असते. विद्यार्थी संघटनेत जाणे मला गैर वाटत नाही. आपल्याकडचे कितीतरी चांगले कार्यकर्ते तिथेच तयार झाले. पण तो निर्णय डोळसपणे घ्यावा. माझे मत विचाराल, तर पहिल्या वर्षी त्याने संपूर्ण विद्यापीठाच्या संघाकडे न वळता स्वतःच्या महाविद्यालयाच्या संघाची निवडणूक लढवावी. तिथे मतदार ओळखीचे असतात, आणि ओळखीच्या माणसांपुढे खोटी आश्वासने देणे कठीण जाते.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातील महाविद्यालयात एम.ए.च्या वर्गाचा प्रतिनिधी झालो आहे. निवड होऊन दोन महिने झाले, परंतु स्नेहसंमेलनाच्या समितीत बसण्यापलीकडे मला काम मिळालेले नाही. निकाल, शिष्यवृत्ती, ग्रंथालय अशा सर्वच गोष्टींबद्दल मुले माझ्याकडे तक्रारी घेऊन येतात. मी प्राचार्यांना दोनदा भेटलो. त्यांनी ‘बघतो’ म्हटले. पुढे काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला एका जुन्या विद्यार्थिनीची आठवण झाली. मी महाविद्यालयात विद्यार्थी कल्याणाचे काम पाहत असे, तेव्हाची ही गोष्ट आहे. शास्त्र शाखेचे प्रात्यक्षिक सव्वापाचला संपे आणि एका बाजूच्या गावांना जाणारी शेवटची एस.टी. पाचलाच सुटे. मुली शेवटचा अर्धा तास सोडून निघत आणि हजेरीत मार खात. ‘आमची गाडी चुकते’ ही तक्रार मी स्वतः दोन वर्षे ऐकली होती आणि मीही ‘बघतो’ म्हटले होते, हे कबूल करतो. तिसऱ्या वर्षी ही मुलगी प्रतिनिधी झाली. ती एका वहीचे पान घेऊन आली : कोणत्या गावच्या किती मुली, प्रत्येकीची तुकडी कोणती, कोणाकडे पास आहे, आणि गेल्या महिन्यात कोणाचे किती प्रात्यक्षिक अर्धवट राहिले. ते पान पाहिल्यावर वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकांना त्या मुलींची तुकडी सकाळी घ्यायला दहा मिनिटे लागली. आगार व्यवस्थापकांकडे अर्जही गेला होता. त्याचे उत्तर आले तोवर गरज संपली होती.

‘बघतो’ या शब्दामागे दर वेळी टाळाटाळ असते असे नाही. पुष्कळदा नेमके काय बघायचे हेच समोर आलेले नसते. म्हणून सर्व तक्रारी एकत्र घेऊन जाण्याची सवय आधी सोडा. त्यांची विभागणी करा. ग्रंथालयाची वेळ, पिण्याचे पाणी, वेळापत्रक, अंतर्गत गुण हे विषय महाविद्यालयाच्या हातातले आहेत. निकालाचा उशीर, पुनर्मूल्यांकन, अभ्यासक्रम हे विद्यापीठाकडचे आहेत आणि त्यासाठी प्राचार्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यामार्फत परीक्षा विभागाला पत्र जावे, एवढाच आग्रह धरावा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कोणत्या टप्प्यावर अडला आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत वेगळे असते. तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडे पडून असेल तर उपाय आजच होतो. पुढे गेला असेल तर पाठपुरावा दुसरीकडे करावा लागतो. हे न पाहता ‘शिष्यवृत्ती मिळत नाही’ असे निवेदन दिले, तर ते फायलीत जाते.

यानंतर एका अर्जात एकच विषय लिहा, त्याच्या दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. आवक-जावक विभागातील त्या शिक्क्याला कार्यालयात जेवढी किंमत असते, तेवढी घोषणांना नसते.

दुसरी गोष्ट, कोणत्या समितीत विद्यार्थ्याला खुर्ची आहे, ते शोधा. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९७ नुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव तिचे सदस्य असतात, वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात आणि वार्षिक अंदाजपत्रक याच समितीपुढे तयार होते. वाचनकक्ष रात्री आठपर्यंत उघडा ठेवायचा, तर शिपायाच्या जादा तासांची तरतूद अंदाजपत्रकात लागते. स्नेहसंमेलनाच्या समितीत ती होत नाही. तुम्ही वर्ग प्रतिनिधी असल्यामुळे त्या बैठकीत तुम्हाला बसता येणार नाही, परंतु परिषदेच्या अध्यक्षांकडे तुमचा मुद्दा बैठकीच्या आधी लेखी देता येतो, आणि नंतर इतिवृत्तात तो आला का, हे विचारता येते. परिषदच स्थापन झालेली नसेल, तर तुमचा पहिला अर्ज त्याच विषयावर असावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समितीही असावी लागते. तिने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत, विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. लोकपालांकडे नुसत्या फेरतपासणीच्या मागणीसाठी मात्र जाऊ नये; ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता येत असेल, तरच असा अर्ज विचारात घेतला जातो. तक्रार तुम्ही प्रतिनिधी म्हणून लिहून देऊ शकता, परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याची सही त्याखाली असू द्या. तक्रारदार ऐन वेळी मागे फिरला आणि प्रतिनिधी एकटा उभा राहिला, असे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : महिला प्रतिनिधी म्हणून माझे नाव सुचवले गेले आहे. हे पद हळदी-कुंकू आणि रांगोळी स्पर्धेपुरतेच असते, असे मैत्रिणी म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : ज्यांनी तसे वापरले त्यांच्यापुरते खरे आहे. तुम्ही पद स्वीकारल्यावर कार्यालयात जाऊन एवढेच विचारा, की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीत विद्यार्थी सदस्य कोण आहेत. अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरील तीन विद्यार्थी सदस्य त्या समितीत असतात, आणि त्यांची निवड पारदर्शक लोकशाही पद्धतीने व्हावी लागते. तुमच्या महाविद्यालयात ही नावे फलकावर लागलेली नसतील, तर ती लावून घेणे हे तुमचे पहिल्या महिन्याचे काम समजा. रांगोळी स्पर्धा अवश्य घ्या. तिच्या सूचनेखाली त्या समितीचा दूरध्वनी क्रमांकही छापता येतो.