लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी स्पॉटिंग स्कोपमध्ये रेटिकल हवंच का?

तुम्ही विचारलंय, १००० यार्डांपर्यंत मारायचं तर रेटिकलवाल्या, म्हणजे आत मोजायच्या रेघा असलेल्या, स्पॉटिंग स्कोपला (गोळी कुठे पडली ते बघायच्या दुर्बिणीला) जास्तीचे पैसे घालावेत का, आणि कोणता घ्यावा. घालावेत. आमच्या घरात हा वाद चार वर्षं चाललाय, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही कोलोरॅडोत असतो. लेक ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल मारते, मी मागे बसून स्पॉटिंग करतो, म्हणजे गोळी कुठे पडली ते बघून तिला दुरुस्ती सांगतो. एकदा न्यू मेक्सिकोत रॅटनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटरच्या शूटिंग रेंजला गेलो, तेव्हा मेहुणा बरोबर होता. त्याचा ८५ मिमी भिंगाचा युरोपियन स्कोप, रेटिकल नाही. त्या दिवशी स्पॉटिंगचं काम त्याने माझ्याकडून मागून घेतलं. १००० यार्डांवर स्टीलची प्लेट. पहिली गोळी गेली, प्लेटच्या उजवीकडे धूळ उडाली.

"दीड-दोन फूट उजवीकडे."

"मामा, फूट नको रे, मिल सांग."

झालं, मामा हिशोबाला बसला. मिल हे कोनाचं माप; १००० यार्डांवर १ मिल म्हणजे ३६ इंच, दोन फूट म्हणजे २४, म्हणजे पाऊण मिलच्या आत. तोवर वारा पडला होता. लेकीने त्याने सांगितलं तेवढं डावीकडे धरलं आणि दुसरी गोळी प्लेटच्या डावीकडून गेली. पाच गोळ्या झाल्या, स्टीलचा एकही आवाज आला नाही. मेहुणा आजही म्हणतो, वारा वाईट होता. वारा बदलणारच. गोळी पोचायला दीड सेकंद लागतो आणि दुरुस्ती सांगायला पंधरा, हे कसं चालेल?

रेटिकल असतं तर प्लेटवर मध्य ठेवायचा, धूळ कुठल्या रेघेवर उडाली ते वाचायचं, "डावीकडे ०.६". अंतर नको, प्लेट केवढी ते नको. तिच्या रायफलच्या स्कोपात तीच रेघ आहे, तिथेच धरते.

घेताना आधी रायफलच्या स्कोपचे टरेट, म्हणजे नेम सरकवायच्या चकत्या, बघा. ते मिलचे असतील तर रेटिकल मिलचंच, एमओएचे (हेही कोनाचंच माप) असतील तर एमओएचं. १ मिल म्हणजे ३.४४ एमओए, हे रेंजवर डोक्यात करायचं काम नाही. रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनमध्येच हवं, म्हणजे झूमबरोबर रेघाही लहानमोठ्या होतात, नाहीतर झूम फिरवलं की रेघा खोट्या. ६० पॉवरच्या, म्हणजे साठपट मोठं दाखवणाऱ्या झूमच्या, मोहात पडू नका. दुपारी मिराज (तापलेल्या हवेच्या लहरी) चढला की ३० च्या वर नुसती हवा उकळताना दिसते. मी २०-२५ वरच बसतो. म्हणून मला बुशनेलचा ८-४०×६० (८ ते ४० पॉवर, ६० मिमीचं भिंग) पटतो. व्होर्टेक्सच्या रेझरला रेटिकलची वेगळी आयपीस (डोळ्याकडचं भिंग) मिळते, पण ती ठरावीक पॉवरची.

मेहुण्याची काच माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी त्याच्या तोंडावर कबूल केलंय. कागदावरची भोकं मोजायची असतील तर त्याचंच ऐका, पैसे काचेत घाला. बालेवाडीत ५० मीटरवर .२२ मारत असाल तर रेटिकलची गरजच नाही. आणि कुठलाही स्कोप घेतलात तरी ट्रायपॉड जड घ्या. वाऱ्याने तो थरथरला तर ०.१ मिल काय, अर्धासुद्धा वाचता येत नाही. त्या दिवशी मेहुण्याचा ट्रायपॉडही हलका होता, हे तो कधीच सांगत नाही.