अंकांच्या क्रमवार जुळण्या: आधी पेनानं कर
अरे व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) लॅब परीक्षा जवळ आली म्हणून पाठ करत बसू नकोस, आधी १,२,३,४ घे आणि चारही अंक एकेकदा वापरून होणाऱ्या जुळण्या (परम्युटेशन) कागदावर लिही, चढत्या क्रमानं २४ येतात. दहा वेगळे अंक घेतलास तर ३६,२८,८०० होतात, म्हणून सगळ्या बनवून मग सॉर्ट करायचा नाद सोड, मेमरी उगीच खातंय.

पुढची जुळणी काढायची युक्ती अशी बघ की, उजवीकडून डावीकडे ये आणि आपल्या उजव्या शेजाऱ्यापेक्षा लहान असलेला पहिला अंक पकड, त्याच्या उजवीकडं त्याच्याहून मोठे जे असतील त्यातला सगळ्यात लहान त्याच्याशी बदल आणि त्या जागेच्या उजवीकडची सगळी शेपटी उलटी कर. १३४२ मध्ये ३ सापडतो, ४ शी बदलला की १४३२, शेपटी उलटली की १४२३. झालं! (हे नारायण पंडितानं १४व्या शतकातच लिहून ठेवलंय, सर सांगणार नाहीत.)

१,२,३,४ ची थेट १५वी जुळणी पाहिजे असेल तर लूप कशाला? एक वजा कर, १४ ला ३! (३×२×१) म्हणजे ६ नं भाग, भागाकार २, शून्यापासून मोजून २ नंबरचा अंक ३, तो काढून ठेव, बाकी उरली २, आता तिला २! नं भाग आणि उरलेल्या १,२,४ मधून पुढचा अंक घे, असं करत ३२१४.

आणि केए २२ (बेळगाव) पासिंगच्या गाडीचा नंबर ११२३ घेतलास तर पायथनचं इटरटूल्स (जुळण्या काढून देणारं तयार मॉड्यूल) २४ दाखवतंय, १ दोनदा असल्यानं खऱ्या वेगळ्या १२च, सी प्लस प्लसचं नेक्स्ट परम्युटेशन हे फंक्शन मात्र बरोबर देतंय, फक्त सुरुवातीला सॉर्ट करून दे.