आतड्यातलं नायट्रिक ऑक्साइड: सुरुवात कुठून करायची?

नांदेडला प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतलास, बरं केलंस. आधी एवढंच पक्कं कर: आयनॉस (iNOS) हे एन्झाइम आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतं. हे एन्झाइम नसलेल्या उंदरांत आयजीए (IgA, आतड्यात स्रवणारं संरक्षक प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी) घटतं. 2007 मध्ये 'नेचर'मध्ये कारणही आलं: डेंड्रिटिक पेशींचं (या इतर प्रतिकारपेशींना इशारा देतात) नायट्रिक ऑक्साइड बी-पेशींवरचे (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) टीजीएफ-बीटा या संदेश-प्रथिनाचे रिसेप्टर वाढवतं, मग बी-पेशी आयजीए बनवण्याकडे वळतात. एप्रिल (APRIL), बाफ (BAFF) वगैरे बी-पेशींना चालना देणारी इतर प्रथिनं सध्या राहू दे.

नेहमीच्या चुका:
- नायट्रिक ऑक्साइड म्हणजे फक्त दाह (इन्फ्लमेशन), असं समजणं.
- ग्रीस (Griess) या रंग-चाचणीत नायट्रिक ऑक्साइड वायूच मोजला असं लिहिणं. तो सेकंदांत संपतो. मोजतो ते त्यापासून बनलेलं नायट्राइट. अन् बफरला बोअरचं पाणी अजिबात नको बरं का, त्यात आधीच नायट्रेट-नायट्राइट असू शकतं, मग आकडा चुकतो.
- नुसतं रक्त तपासणं. आयजीए विष्ठेतही मोज.