नैराश्यावरील उपचारांचा खर्च: पॉलिसी बदलावी की एसआयपी थांबवावी?

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे: त्यांच्या पतींवर, वय ४१, गेल्या आठ महिन्यांपासून नैराश्यासाठी उपचार सुरू आहेत. दर आठवड्याच्या समुपदेशनाचे १,२०० रुपये, महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञांचे १,००० आणि औषधांचे सुमारे १,७०० असा महिन्याला साडेसात हजारांचा खर्च होतो. घरखर्च आणि मुलीच्या शिक्षणासाठीची दहा हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) वजा जाता हातात तीनच हजार उरतात. बाकीचे साडेचार हजार दरमहा क्रेडिट कार्डावर गेले आणि व्याजासह थकबाकी चाळीस हजारांवर पोहोचली. मुदत ठेव चार लाखांची आहे. पाच लाखांची कौटुंबिक आरोग्य पॉलिसी सहा वर्षे खंड न पडता चालू आहे. मात्र समुपदेशनाची आणि औषधांची बिले कंपनीने परत पाठवली. आता एजंट म्हणतो की दुसऱ्या कंपनीची नवी पॉलिसी घ्या, तीत वर्षाला वीस हजारांपर्यंत ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्च मिळतो, हप्ता चौदा हजारांनी जास्त पडेल, आणि ‘फॉर्ममध्ये आजाराचे काही लिहू नका’. पॉलिसी बदलावी की एसआयपी बंद करावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, पॉलिसी अजिबात बदलू नका. एजंटाने सुचवलेल्या मार्गात जेवढे मिळणार आहे, त्याहून कितीतरी जास्त तुम्ही गमावून बसाल.

बिले नाकारली गेल्यावर ‘आपल्या पॉलिसीत मानसिक आजार बसतच नाही’ असा तुमचा समज झालेला दिसतो. तो बरोबर नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१(४) नुसार प्रत्येक विमा कंपनीला मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यावे लागते. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे निर्देशही दिले. त्यानंतरही एका कंपनीने पॉलिसीतल्या जुन्या अपवादावर बोट ठेवून क्लेम नाकारला, तेव्हा २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विमेदाराच्या बाजूने निकाल दिला.

मग तुमची बिले का नाकारली? कारण कायद्याने बरोबरी दिली आहे, त्याहून अधिक काही दिलेले नाही. मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टरांची फी आणि दरमहाच्या गोळ्या साध्या पॉलिसीतून मिळत नाहीत, कारण ती पॉलिसी मुळात रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी असते. तोच नियम इथे लागू झाला. नैराश्याच्या रुग्णाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे, कारण त्याचे बहुतेक उपचार दाखल न होताच चालतात आणि खर्चाचा सगळा भार घरावर पडतो. ही व्यवस्था बदलायला हवी असे मला मनापासून वाटते. पण आजचा निर्णय आजच्या नियमांवरच घ्यावा लागेल. उद्या दुर्दैवाने त्यांना दाखल करावे लागले, तर मात्र हीच पॉलिसी उपयोगी पडेल, आणि दाखल होण्याच्या आधीच्या व नंतरच्या ठरावीक दिवसांतली संबंधित बिलेही त्या क्लेममध्ये जोडता येतात.

आता नव्या पॉलिसीचा हिशेब पाहा. चौदा हजार जास्त भरून वीस हजारांची मर्यादा मिळते, म्हणजे प्रत्येक रुपया वसूल झाला तरी नव्वद हजारांच्या वार्षिक खर्चात सुटतात ते सहा हजार. त्यातही अनेक पॉलिसींत ओपीडीचा लाभ ठरावीक डॉक्टरांपुरता किंवा ठरावीक भेटींपुरता असतो आणि समुपदेशकाची फी त्यात धरली जाईलच असे नाही.

या सहा हजारांसाठी तुम्ही काय सोडता? जुन्या पॉलिसीच्या दृष्टीने हे नैराश्य पॉलिसी घेतल्यानंतर उद्भवलेला आजार आहे. नव्या कंपनीच्या दृष्टीने तो आधीपासूनचा आजार ठरेल आणि त्यासाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम न मिळण्याचा काळ, लागू शकेल. शिवाय सलग ६० महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीत, सिद्ध झालेली फसवणूक सोडल्यास, माहिती दडवल्याचे कारण दाखवून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. तुमची पॉलिसी हा टप्पा ओलांडून गेली आहे. पोर्टेबिलिटीने, म्हणजे चालू पॉलिसीच दुसऱ्या कंपनीकडे नेऊन, गेलात तर पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ सोबत येतो, पण अर्ज स्वीकारायचा की नाही हे नवी कंपनी ठरवते आणि सध्या उपचार सुरू असताना ती नकार देण्याची शक्यता बरीच आहे.

फॉर्ममध्ये आजार न लिहिण्याचा सल्ला तर धोकादायक आहे. रुग्णालयात दाखल करताना डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो ‘त्रास कधीपासून आहे, आधी कोणती औषधे चालू होती’ हाच. त्याचे उत्तर केस पेपरवर आणि डिस्चार्ज समरीत उतरते आणि कंपनी तेच कागद मागवते. त्या वेळी क्लेमही जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. एजंट तेव्हा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. सही तुमची असेल.

राहिला पैशांचा प्रश्न. सर्वांत आधी कार्डाची थकबाकी मुदत ठेवीतून फेडा. कार्डावर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि ठेवीवर त्याच्या पाचव्या हिश्शाइतकेही मिळत नाही. बँक ठेव अंशतः मोडू देत नसेल तर तिच्यावर तेवढेच कर्ज घ्या. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्क्यांनीच जास्त असतो.

त्यानंतर एसआयपी बंद न करता दहा हजारांवरून साडेपाच हजारांवर आणा, म्हणजे दरमहाची तूट नेमकी भरून निघेल. एसआयपीला हात लावू नये असे आम्ही सल्लागार एरवी बजावतो, पण तुमच्या घरात मी तिलाच आधी हात लावेन. ठेवीतले उरलेले साडेतीन लाख मात्र राखून ठेवा, कारण पतींना बिनपगारी रजा घ्यावी लागली तर घर त्यावरच चालेल. खर्च वाचवण्यासाठी समुपदेशनाच्या भेटी स्वतःहून कमी करू नका. तो निर्णय डॉक्टरांचाच असू द्या.

खर्च कमी करण्याच्या दोन-तीन वाटा आहेत. पतींच्या कंपनीत समूह आरोग्य विमा किंवा कर्मचाऱ्यांसाठी मोफत समुपदेशन आहे का, हे मनुष्यबळ विभागाकडून जाणून घ्या. आजाराचे नाव न घेताही ही चौकशी करता येते. डॉक्टरांची संमती असेल तर जनऔषधी केंद्रातून तीच औषधे जेनेरिक स्वरूपात घेता येतील. रात्री-अपरात्री मन फार अस्वस्थ झाले तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, तो दोघांच्याही मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

पुढे कधी दाखल होण्याचा क्लेम नाकारला गेला, तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि नाशिककरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. मात्र कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते, म्हणून नकाराचे पत्र आले की त्यावर मिळाल्याची तारीख लिहून ते पॉलिसीच्या फाइलमध्येच लावून ठेवा.